सानाहिन, आणि बाबांचं ओझर

आज आर्मेनियाच्या लोरी प्रांतातल्या सानाहिन गावात होते. देबेद नदीच्या खोल दरीवरच्या पठारावर इथला मठ आहे, दहाव्या शतकातला, राणी खोस्रोवानुशच्या आश्रयाने उभा राहिलेला. पलीकडचा हाघपात मठही तिचाच. 'सानाहिन' म्हणजे 'हा त्याच्याहून जुना', असं इथले लोक सांगतात.

दोन चर्चच्या मधे एक अरुंद, कमानींचं दालन आहे. इथे म्हणे विद्यार्थी खांबांमधल्या दगडी बाकांवर बसून शिकत. मी तिथे बराच वेळ बसले. दगड गार, कडा झिजून गुळगुळीत. बाहेरच्या सभामंडपात तर जमीनच थडग्यांच्या शिळांची, पाय टाकताना जीव कचरतो.

पण खरं भरून आलं ते गावात. मिग विमानांचे एक जनक आर्तेम मिकोयान याच गावचे. त्यांच्या संग्रहालयाबाहेर मिग-२१ उभं आहे. माझ्या बाबांची अख्खी नोकरी नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात गेली, जिथे हेच विमान बनायचं. डबा घेऊन सकाळी निघणारे बाबा डोळ्यांसमोर आले. लगेच व्हिडिओ कॉल लावला. ते काही बोललेच नाहीत, नुसते पंखाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जरा शेपटीकडून दाखव गं."

मठाच्या दारात लोकरीचे मोजे विकणाऱ्या आजींनी माझे ओले डोळे पाहिले आणि काही न विचारता मूठभर अक्रोड हातावर ठेवले. बाबांसाठी मोज्यांची एक जोडी घेतली आहे, करड्या रंगाची.