साडेचारशे शब्दांचा उतारा

मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये माझे बाबा चालत गेले होते. आमच्या सुरगाणा तालुक्यातून पुष्कळ जण गेले. मी तेव्हा आश्रमशाळेत सहावीला होते. पुढच्या वर्षी बाबांचा वनहक्काचा दावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मागणारा अर्ज, फेटाळल्याचं पत्र आलं, ते मीच बाबांना वाचून दाखवलं. साठ दिवसांत अपील करता येतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अकरावीला नाशिकला वसतिगृहात आले. तिथल्या कॉलेजात ‘आयडिया’ या संस्थेतर्फे लॉची मुलं आली. वंचित घरांतल्या मुलांना मोठ्या विधी विद्यापीठांत पोचवायचं, म्हणून प्रा. शमनाद बशीर यांनी २०१०मध्ये ही संस्था सुरू केली. बारावीनंतर थेट पाच वर्षांचं लॉ करता येतं, आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या चाचणीत माझी निवड झाली आणि क्लॅटची, म्हणजे या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेची, तयारी सुरू झाली.

राज्याची लॉ सीईटी मराठीतून देता येते. क्लॅट फक्त इंग्रजीत. दोन तासांत १२० प्रश्न, तेही साडेचारशे-साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यांवर, आणि चुकलं की पाव गुण कापला जातो. पहिला अग्रलेख वाचायला मला दीड तास लागला. शिकवणाऱ्या ताईने एकच नेम लावून दिला: रोज एक लेख वाचायचा आणि रात्री फोनवर त्याचा सार मराठीत, तीन वाक्यांत सांगायचा. पहिले दोन महिने माझी तीन वाक्यं होतच नसत. दिवाळीनंतर व्हायला लागली.

एक उतारा अजून आठवतो. दुसऱ्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षं कसत आलेल्या माणसाचा हक्क, असा विषय. हे तर आपल्या घरचंच, म्हणून मी भराभर उत्तरं दिली. पाचपैकी चार चुकली. उताऱ्यात जो नियम दिलाय तोच लावायचा, आपल्याला काय न्याय्य वाटतं ते नाही, असं ताई म्हणाली. मला त्याचा फार राग आला होता. दोन दिवस मी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा घेऊन बसले.

खरी दमछाक कागदांनी केली. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा. आमचा आजा शाळेतच गेला नव्हता. एका कार्यालयातून तीन वेळा परत पाठवलं, दर वेळी नवी त्रुटी. शेवटी गाव नमुना १४ मध्ये आज्याच्या भावाच्या जन्माची नोंद सापडली. अकरावीतच अर्ज केला होता म्हणून वेळेत निभावलं. बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नका, हे मी भेटेल त्या मुलीला सांगते.

३ डिसेंबर २०२३ला परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात निकाल. नाव लागलं, पण समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, नोंदणीसाठी वीस हजार रुपये काही दिवसांत भरायचे होते. मामाने बैलजोडी विकायची तयारी केली होती. ती वेळ आली नाही, कारण संस्थेने आणि कॉलेजच्या दोन मॅडमनी मिळून पैसे उभे केले. शिष्यवृत्ती नंतर येते. सुरुवातीचे पैसे आधी लागतात. या एका फटीतून किती जण गळत असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

आता मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत बाबांचं ते पत्र पुन्हा काढलं. कारण एकाच ओळीचं आहे, ‘पुरावा अपुरा’. वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही धरलं जातं. शेजारच्या पाड्यावरच्या दोन आजोबांची निवेदनं मी लिहून घेतली आहेत. तिसरे आजोबा आवणीनंतर भेटणार आहेत.