"मॅडम, स्क्रीनशॉट पाठवू का?"

सायबरच्या केसेस करणाऱ्या वकिलाला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा प्रश्नाच्या आधीच स्क्रीनशॉट येऊन पडलेला असतो. नुसता स्क्रीनशॉट नाही, व्हिडिओ, कॉल रेकॉर्डिंग, बायकोच्या फोनमधली चॅट, कंपनीच्या सर्व्हरवरचा डेटा, आधार कार्ड, कधीकधी तर नेट बँकिंगचा पासवर्डसुद्धा. आता आयटी ॲक्टचं ६६सी लावायचं की ६६डी, भारतीय न्याय संहितेचं कुठलं कलम जोडायचं, हे शिकता येतं, पुस्तक उघडलं की सापडतं. पण दुसऱ्याच्या आयुष्यातलं इतकं खाजगी काहीतरी आपल्या फोनवर आलं की वकिलाने त्याचं काय करायचं यावर आमच्याकडे फारच कमी बोललं जातं, लॉ कॉलेजमधे तर नाहीच नाही, आणि माझ्या मते या प्रॅक्टिसमधलं खरं जोखमीचं काम तेच आहे.

सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे खाजगी फोटो-व्हिडिओवरून ब्लॅकमेल. मुलगी घाबरलेली असते, घरी काही सांगितलेलं नसतं, कुठूनतरी वकिलाचा नंबर मिळवते आणि एका झटक्यात सगळं पाठवून देते, कारण तिला वाटतं की बघितल्याशिवाय विश्वास कोण ठेवणार. मग ते वकिलाच्या गॅलरीत सेव्ह होतं, गॅलरीचा बॅकअप क्लाउडवर जातो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब चालू असतं तिथे ज्युनियरला दिसतं, तक्रार टाइप करायला टायपिस्टकडे जातं, मग प्रिंट निघते. जे पसरू नये म्हणून ती आली तेच आणखी चार ठिकाणी गेलं आणि तेही तिच्याच वकिलाकडून.

एफआयआरसाठी वकिलाला तो फोटो बघायची गरज नसते. अकाउंटची लिंक लागते, नंबर लागतो, तारीख-वेळ लागते, धमकीचे मेसेज लागतात, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी लागतो. फोटो तिच्या फोनमधेच राहू दे, तपास अधिकारी रीतसर पंचनामा करून घेईल, शक्यतो महिला अधिकारी, आणि तसा अर्ज द्यायचा. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर मग प्रश्नच मिटला, आयटी ॲक्टच्या कलम ६७बी मधे असलं मटेरियल नुसतं गोळा करणं, डाउनलोड करणं हाही गुन्हा आहे आणि सप्टेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने एस. हरीशच्या केसमधे मद्रास हायकोर्टाचा निकाल फिरवून पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, असं काही जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं हे स्पष्ट केलं. वकील आहे म्हणून आपल्याला वेगळी सूट मिळेल असं कुणी गृहीत धरू नये. अशा वेळी पालकांना सांगायचं, मला काही पाठवू नका, फोन हातात घ्या आणि आपण आधी पोलीस स्टेशनला जाऊ.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकीला सांगते. स्टॉपएनसीआयआय नावाची एक सोय आहे, त्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा हॅश बनतो, हॅश म्हणजे फाइलमधून गणित करून काढलेली आकडे-अक्षरांची एक ओळ, आणि फक्त ती ओळ जाते, मग त्यात सहभागी असलेल्या प्लॅटफॉर्मवर तोच फोटो कुणी टाकला तर तो ओळखून अडवता येतो. अठराच्या आतल्यांसाठी टेक इट डाउन नावाची तशीच सोय आहे. पोलीस तक्रारीबरोबर हे त्याच दिवशी करून टाकावं.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "मॅडम, चॅट डिलीट करू का?" हा फिर्यादीपण विचारतो आणि आरोपीपण. फिर्यादीला लाज वाटत असते म्हणून, आरोपीला भीती असते म्हणून. उत्तर दोघांना एकच, अजिबात नाही. पुरावा म्हणून समोर येऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे आणि वकिलाने "कर डिलीट, बघू पुढे" असं म्हटलं की तोही त्यात ओढला जाऊ शकतो. कंपन्यांचं थोडं वेगळं असतं. डेटा लीक झालेला असतो, मॅनेजमेंटला बोभाटा नको असतो, आणि वकिलाकडून अपेक्षा असते की कळवायची गरज नाही असं लेखी द्यावं. पण सर्ट-इन, म्हणजे सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. असं ओपिनियन जो वकील देतो तो कंपनीचं भलं करत नाही आणि ज्या लोकांचा डेटा गेला त्यांचं तर कुणीच बघत नाही. त्यांना पासवर्ड बदलायला, कार्ड ब्लॉक करायला वेळ मिळायला हवा ना, ते बिचारे आपल्या समोर बसलेले नसतात एवढंच.

आता नवरा-बायकोच्या केसेस. फॅमिली कोर्टात हल्ली फोनशिवाय केसच उभी राहत नाही. "ती झोपली की मी तिचं बोट लावून फोन उघडतो," असं एखादा नवरा अगदी सहज सांगतो, त्याला त्यात काही चूक वाटतच नाही. १४ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा विभोर गर्ग विरुद्ध नेहा हा निकाल आला, भटिंड्याच्या फॅमिली कोर्टातली घटस्फोटाची केस होती, बायकोशी झालेलं बोलणं नवऱ्याने गुपचूप रेकॉर्ड केलेलं होतं, पंजाब-हरियाणा हायकोर्टाने ते नाकारलं आणि सुप्रीम कोर्टाने पुरावा म्हणून घ्यायला परवानगी दिली. तेव्हापासून लोकांनी त्याचा अर्थ असा काढलाय की जोडीदाराच्या फोनमधे काहीही केलेलं चालतं. तसं नाहीये. कोर्ट एखादा पुरावा वाचणार की नाही हा एक प्रश्न, आणि तो पुरावा मिळवताना तुम्ही गुन्हा केलात का हा पूर्ण वेगळा प्रश्न. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र सरकार या जुन्या केसपासून, ती मुंबईच्या कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाचेची केस, आपल्याकडे पुरावा चुकीच्या मार्गाने आला तरी तो वाचला जाऊ शकतो असंच धोरण आहे. पण स्वतः फोनवर बोलताना आपलंच बोलणं रेकॉर्ड करणं कुठे आणि दुसऱ्याच्या फोनमधे स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारं ॲप, टाकून त्याचे सगळे मेसेज उपसणं कुठे! या दुसऱ्या प्रकारासाठी आयटी ॲक्टचं कलम ४३ आणि ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि चिथावणी देणाऱ्याला कलम ८४बी प्रमाणे तीच शिक्षा. म्हणजे "पुरावा आणा, कसा आणायचा ते तुमचं तुम्ही बघा" असं डोळा मारून सांगणाऱ्या वकिलाने हे कलम एकदा वाचावं. मी असं मटेरियल घेऊन आलेल्या माणसाला आधी सांगते की हे कोर्टात दिलंत तर समोरून तुमच्यावर फिर्याद होऊ शकते, आता ठरवा. त्यात काही जण उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात, जाऊ देत.

आणि वकिलाचा स्वतःचा फोन? त्यात एका क्लायंटचं नाही, सगळ्या क्लायंट्सचं असतं. पोलिसांनी एका केसमधे वकिलाचा फोन घेतला तर बाकी सगळ्यांची गुपितं उघडी. २०२५ मधे ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवल्यावर मोठी ओरड झाली, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून प्रकरण हातात घेतलं आणि ३१ ऑक्टोबरला निकाल दिला. साक्ष अधिनियम म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, त्याचं कलम १३२ वकील-पक्षकारातलं बोलणं गुप्त ठेवतं, त्यातल्या अपवादात बसत असेल तरच वकिलाला समन्स, तेही एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक, दर्जाच्या वरिष्ठाच्या मंजुरीने, आणि डिव्हाइस मागवायचं असेल तर ते कोर्टासमोरच द्यायचं, वकील आणि पक्षकार हजर असताना, त्यांच्या पसंतीचा तांत्रिक माणूस सोबत घेऊनच उघडायचं, बाकी क्लायंट्सची गुप्तता सांभाळून. फार चांगला निकाल आहे. त्यातच असंही म्हटलंय की कंपनीत पगारावर असलेल्या लीगलच्या माणसाला हे १३२ चं संरक्षण नाही, हे पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांमधल्या लीगल टीमवाल्यांनी नीट वाचायला हवं, कारण तिथे सगळ्यांचा समज उलटा आहे.

पण पोलीस आपल्याकडून काही काढून घेऊ शकत नाहीत म्हणून आपणच ते कुठेही टाकावं असं तर नाही ना. सध्या ड्राफ्ट सुधारायला पूर्ण तक्रार नावगावासकट एआय चॅटबॉटमधे पेस्ट करायची पद्धत पडलीये, ती मला अजिबात मान्य नाही. निकाल शोधायला तर त्याहून नाही. ऑक्टोबर २०२५ मधे मुंबई हायकोर्टाने केएमजी वायर्सच्या केसमधे इन्कम टॅक्सची असेसमेंट ऑर्डर रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. अधिकाऱ्याकडून झालं तसं वकिलाकडूनही होऊ शकतं, आणि तिथे नुकसान क्लायंटचं.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते सर्टिफिकेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी कुठल्या डिव्हाइसमधून कशी काढली याची कोर्टात द्यायची लेखी हमी. साधी गोष्ट वाटते, एक पानाचा कागद, पण इलेक्ट्रॉनिक पुरावा उभा राहतो किंवा पडतो तो याच्यावर, आणि याचा सगळ्यात मोठा निकाल आपल्या जालन्यातून आलाय. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल हरले, आणि म्हणणं असं की खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर घेतले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं सरकारी व्हिडिओ शूटिंगच होतं, त्याच्या सीड्या मिळाल्या, पण जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या ६५बी चं सर्टिफिकेट काही केल्या अधिकारी देईनात, अर्ज करून झाले, कोर्टाचा आदेश झाला तरी नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांच्या उलटतपासात आलेल्या उत्तरांवरून २०१७ मधे निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टात १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की मूळ डिव्हाइस कोर्टात आणलं आणि ते ज्याचं आहे तो साक्षीला उभा राहिला तर सर्टिफिकेट नको, कॉपी आणली तर हवंच हवं, २०१८ च्या शफी मोहम्मद निकालात सर्टिफिकेटबाबत दिलेली ढिलाई चालणार नाही. पण ज्याने मिळवण्यासाठी जे शक्य ते सगळं केलं आणि समोरचाच देत नाही त्याला अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही, म्हणून निवडणूक रद्दच राहिली. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गेली होती हे वेगळं. मला या निकालात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गोरंट्यालांच्या बाजूने केलेला पाठपुरावा, प्रत्येक अर्जाची नोंद होती म्हणून ते टिकलं.

१ जुलै २०२४ पासून ६५बी गेलं, साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आलं, आणि सर्टिफिकेटचे दोन भाग झाले. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश लिहायचा, एसएचए२५६ वगैरे पद्धतीने काढलेला. कल्पना उत्तम आहे, एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो त्यामुळे मधे कुणी हात लावला तर पकडलं जातं. पण तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण हे त्या कलमात सांगितलेलं नाही. आयटी ॲक्टच्या कलम ७९ए खाली सरकारने जाहीर केलेल्या लॅब हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पोटगीच्या केसमधली एखादी बाई दोन व्हॉट्सॲप मेसेजसाठी तिथवर कशी पोचणार. मग होतं काय, तर कोर्टाच्या आसपास झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात छापील फॉर्म मिळतो, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा भाग ब वर सही करतो, त्याने फोन बघितलेलाही नसतो, हॅशच्या रकान्यात कधी काहीच नसतं, कधी दुसऱ्याच फाइलचा असतो. आणि भाग अ वर क्लायंटची सही घेताना त्यात काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवत नाही. ती शपथेवर सांगतेय की डिव्हाइस माझ्या ताब्यात होतं, नीट चालत होतं, आणि प्रत्यक्षात फोन दोन महिने भावाकडे होता! उलटतपासात हे बाहेर आलं की खरी केस असूनही तीच खोटी ठरते. वकिलाने फक्त फॉर्म भरला म्हणून तो सुटतो असं मला वाटत नाही, बार कौन्सिलच्या नियमांचं ज्याला थोडं भान आहे त्यालाही वाटणार नाही.

म्हणून आमच्या ऑफिसात फोन घेऊन आलं की आधी विचारतो, हा फोन कधीपासून तुमच्याकडे, मधे रिपेअरला दिला होता का, सिम बदललं का, चॅट बॅकअपमधून परत आणलीये का, आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांची सही घेतो, भाग अ त्यावरून भरतो. हॅश क्लायंटसमोर काढतो. भाग ब साठी असा माणूस बघतो जो साक्षीला उभा राहून दहा प्रश्नांना उत्तरं देईल, आणि त्याची फी किती हे आधी सांगतो, परवडत नसेल तर मूळ फोनच कोर्टात हजर करायचा मार्ग घेतो, तो अजूनही उघडा आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जिल्हा न्यायालयांनी जर आपापल्या जिल्ह्यातल्या तज्ज्ञांची एक यादी केली, इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आहेत, फॉरेन्सिक शिकलेली पोरं आहेत, आणि विधी सेवा प्राधिकरणाने गरीब पक्षकारांसाठी त्यांची फी भरली तर हा अर्धा धंदा बंद होईल. आमच्या बारमधे मी हा विषय मांडणार आहे, इतर जिल्ह्यांतल्या वकील मित्रांनीही मांडावा, आणि कुणाच्या कोर्टात अशी यादी झाली असेल तर मला नक्की कळवा.