फॉर्म भरला जात होता, पोचत नव्हता

"वेबसाइटवर माणसं वाढलीत आणि इन्क्वायरी कमी झाल्यात. याचा अर्थ सरळ आहे, कंटेंट फसलंय. सगळं नव्याने लिहून द्या."

फोनवर कंपनीचे मालक होते. कारखान्यांना आणि गोदामांना लागणारे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवण्याचा त्यांचा धंदा. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी दुसऱ्या एका एजन्सीकडून वेबसाइट ताजी करून घेतली होती: नवे लेख, नवे फोटो आणि 'तुम्हाला किती क्षमतेचा काटा लागेल' हे सांगणारा छोटा कॅल्क्युलेटर. त्यानंतर गूगलवरून येणारी माणसं खरोखरच वाढली होती. चौकशीचे मेल मात्र रोडावले होते, आणि सेल्सवाल्यांनी सगळं खापर लेखांवर फोडलं होतं.

मला यात एक गोष्ट खटकली. वाईट लेखाने माणूस पान बंद करतो हे खरं. पण इन्क्वायरी हळूहळू आटल्या नव्हत्या, नवी वेबसाइट चढवली त्या आठवड्यापासून एकदम खाली आल्या होत्या. लिखाण आवडेनासं झालं तर उतार दिसतो. असा कडा तुटल्यासारखा आलेख दिसला की मी आधी यंत्रात काय बिघडलंय ते बघते, मजकूर नंतर.

त्यांच्या ऑफिसात गेले तेव्हा मालकांनी स्वतःच्या फोनवर फॉर्म भरून दाखवला. नवाकोरा आयफोन, फॉर्म झटक्यात गेला, आभाराचं पान उघडलं. सेल्सच्या मॅडमनी त्यांच्या अँड्रॉइडवर भरला, तोही गेला. "बघा, फॉर्म ठीक आहे," मालक म्हणाले. "प्रॉब्लेम लिखाणातच आहे."

मी अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे वेबसाइटवर माणसं काय करतात त्याच्या नोंदी, उघडलं. त्यात फॉर्मला पहिल्यांदा हात लावला की एक नोंद आपोआप होते, आणि फॉर्म नीट पोचला तर पुढे आभाराचं पान उघडल्याची दुसरी. या दोन आकड्यांतली तफावत ब्राउझरप्रमाणे वेगळी काढली. क्रोम ठीक, एज ठीक, फायरफॉक्सवाले मुळात थोडे पण ठीक. सफारीवर तफावत मोठी. मात्र पोचलेल्या फॉर्मचा आकडा शून्य नव्हता, आणि गोंधळ तिथेच होता. सफारीवर फॉर्म बंदच असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. इथे काहींचा जात होता, काहींचा नाही. मग आयफोनच्या सिस्टीमची आवृत्ती लावून बघितलं आणि रेघ स्पष्ट ओढली गेली. आयओएस 16.4 आणि त्यापुढच्या फोनांवरून फॉर्म पोचत होते. त्याआधीच्या फोनांवरून माणसं फॉर्म भरायला घेत होती, आणि आभाराच्या पानावर त्यांतलं एकही पोचत नव्हतं.

म्हणजे लेख वाचून लोकांना चौकशी करावीशी वाटत होती. नाव, कंपनी, कसलं वजन करायचंय, एवढं सगळं टाइप करून ते बटण दाबत होते. बटण काहीच करत नव्हतं. 'पाठवला गेला नाही' असा निरोपही नाही. समोरचा दोनदा-तीनदा दाबणार आणि दुसऱ्या कंपनीकडे जाणार.

आता जुना आयफोन हवा होता. ऑफिसात सगळ्यांकडे चकचकीत नवे फोन. शेवटी हिशेब बघणाऱ्या काकूंच्या पर्समधून आयफोन 7 निघाला. "याला काय झालंय? चांगला चालतोय की," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. हा फोन 2016 चा, त्याला आयओएस 15 च्या पुढे काही मिळालं नाही, आणि आयफोनवर सफारी सिस्टीमबरोबरच अपडेट होते. त्यामुळे काकूंनी कितीही मनावर घेतलं तरी त्यांची सफारी पुढे सरकणार नव्हती.

सेल्सच्या मॅडमनी सुचवलं, "मग त्यांना क्रोम टाकायला सांगू. वेबसाइटवर तशी सूचनाच लिहू या." हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. आयफोनवरचं क्रोम आतून सफारीचंच इंजिन वापरतं, वेबकिट. अ‍ॅपलचा नियमच तसा होता. 2024 मध्ये युरोपीय संघातल्या फोनांपुरती त्यातून सूट मिळाली. काकूंच्या फोनवर क्रोम होतंच, त्यात उघडून दाखवलं. फॉर्म तिथेही मुका. शिवाय वरच्या तीन रेघांचा मेनूसुद्धा उघडत नव्हता, हे तेव्हाच पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेस पडलं.

फोनच्या सेटिंगमध्ये वेब इन्स्पेक्टर चालू केला, केबलने मॅकला जोडला आणि सफारीच्या डेव्हलप मेनूतून पान उघडलं. कोडमधल्या चुका जिथे दिसतात त्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत एकच ओळ: 'सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम'.

ती वाचल्यावर फाइलमध्ये काय शोधायचं ते कळलं: कंस, त्याला चिकटून प्रश्नचिन्ह, मग 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि उद्गारचिन्ह. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र, आणि त्यातल्या या तुकड्याला लुकबिहाइंड म्हणतात. अमुक अक्षराच्या आधी तमुक नसेल तरच जुळव, असं सांगण्याची ही सोय. क्रोममध्ये ती 2017 पासून आहे, सफारीत आली मार्च 2023 मध्ये, 16.4 बरोबर. मधली पाच-सहा वर्षं ज्यांनी फक्त क्रोमवर तपासून काम सोडलं, त्यांना याचा पत्ताही लागला नसेल.

ही ओळ बसली होती नव्या कॅल्क्युलेटरमध्ये. उत्तरातल्या मोठ्या आकड्यांत स्वल्पविराम घालायचे, पण दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांत घालायचे नाहीत, एवढंच तिचं काम. इंटरनेटवर जागोजागी सापडते, उचलून चिकटवली असणार. पण रेग्युलर एक्स्प्रेशन कोडमध्ये थेट लिहिलं असेल तर ब्राउझर फाइल चालवायच्या आधी, नुसती वाचतानाच त्यावर अडतो. अर्जात एक अक्षर लागलं नाही म्हणून खिडकीवरच्या साहेबाने अख्खा गठ्ठा न बघता परत करावा, तसं तो सगळी फाइल टाकून देतो. आणि त्या एजन्सीने कॅल्क्युलेटर, मेनू आणि फॉर्म यांचा कोड एकत्र बांधून एकच फाइल केली होती. अ‍ॅनालिटिक्सचा कोड वेगळा होता म्हणून तो शाबूत राहिला, नाहीतर एवढंही दिसलं नसतं.

दुरुस्ती किरकोळ होती. आकडे नीट मांडायची सोय ब्राउझरमध्ये मुळातच असते. ती वापरली आणि ती ओळ काढून टाकली. काकूंच्या फोनवर मेनू उघडला, कॅल्क्युलेटरने उत्तर दिलं, फॉर्म गेला.

पण मला फॉर्मचं बटण जास्त सलत होतं. ते फॉर्म पाठवणारं खरं बटण नव्हतंच. नुसतं दिसायला बटण, पाठवण्याचं सगळं काम जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या त्याच कोडच्या भरवशावर. पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये फॉर्म स्वतःहून पाठवायची सोय वेबच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून आहे. ती ठेवली असती तर उद्या जावास्क्रिप्ट कोलमडली, नेटवर्क मधेच तुटलं, फाइल अर्धीच आली, तरी चौकशी पोचली असती. थोडी कुरूप पोचली असती, पान एकदा पांढरं होऊन पुन्हा उघडलं असतं, पण पोचली असती. मी ते तसं करून घेतलं आणि जावास्क्रिप्टला फक्त वरची सजावट ठेवली.

आमच्याकडचा नवा मुलगा यावर खूश नव्हता. "मॅडम, आयफोन 7 आता कोण वापरतं? तेवढ्यासाठी किती मागे जायचं?" प्रश्न रास्त आहे. इंटरनेट एक्सप्लोरर 2022 च्या जूनमध्ये निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता, जुन्या ब्राउझरांबद्दल मला कसलाही उमाळा नाही. पण 'कोण वापरतं' याचं उत्तर जगाच्या सरासरीत शोधायचं नसतं, आपल्याच वेबसाइटच्या नोंदीत शोधायचं. या कंपनीकडे चौकशी करणारा माणूस गोदामात, धुळीत उभा असतो. तिथे तो नवा महागडा फोन नेत नाही. नोंदीही तेच सांगत होत्या. वर आणखी एक पेच होता: नवा कोड जुन्या ब्राउझरांसाठी उतरवून देणारी बेबेलसारखी साधनं आम्ही वापरतो, पण लुकबिहाइंड त्यांना उतरवता येत नाही. तेव्हा लिहिलेला कोड तपासणाऱ्या लिंटरमध्ये नियम घालून ती मुळात लिहूच द्यायची नाही, एवढं त्याने मान्य केलं.

मग मालक मूळ मुद्द्यावर आले. "म्हणजे कंटेंटला हात लावायचा नाही?"

लावायचा होता, पण सगळ्याला नाही. आधी फोटोंचं बघितलं. 'आमची कामं' या नव्या पानावर मला क्रोममध्ये फुटक्या चित्राच्या चौकटी दिसत होत्या, आणि ते पान सांभाळणारा मार्केटिंगचा मुलगा छातीठोकपणे सांगत होता की फोटो आहेत. त्याच्या मॅकवर खरंच होते. त्याने आयफोनवर काढलेले फोटो एअरड्रॉपने मॅकवर घेतले आणि आयफोनच्या हाइक (HEIC) फॉरमॅटमध्ये जसेच्या तसे चढवले. सफारी 17 पासून ते दाखवते, क्रोम आणि फायरफॉक्स दाखवत नाहीत. त्याने सगळं तपासलं होतं, फक्त स्वतःच्याच ब्राउझरमध्ये. सगळे फोटो जेपेगमध्ये बदलून घेतले.

लिखाणापैकी उपयोगाचं काय, हे गूगलच्या सर्च कन्सोलने सांगितलं. तिथे मागच्या 16 महिन्यांत लोक काय शोधत आले ते दिसतं. 'गुणवत्तेशी तडजोड नाही' वगैरे पानांकडे कुणी फिरकलं नव्हतं. लोक शोधत होते: काटा जागेवरून हलवला की वजन का बदलतं? वेबसाइटवर याचं धड उत्तर नव्हतं. सर्व्हिस विभागातल्या इंजिनिअरला विचारलं तर तो हसायलाच लागला, हा प्रश्न त्याला फोनवर रोज येतो.

त्याच्याशेजारी बसून ते पान लिहिलं. काट्याच्या आतला सेन्सर, म्हणजे लोड सेल, वस्तुमान मोजत नाही, त्याच्यावर पडणारा जोर मोजतो, आणि जोर गुरुत्वाकर्षणावर ठरतो. ते विषुववृत्तावर सुमारे 9.78 तर ध्रुवांवर 9.83 मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक. विषुववृत्तावर 100 किलो बरोबर दाखवणारा काटा तसाच ध्रुवापाशी नेला तर तोच माल साधारण अर्धा किलो जास्त दाखवेल. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला ही भानगड नाही, कारण दोन्ही बाजूंवर फरक सारखाच पडतो. आणि काटा त्याच शेडमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपाशी सरकवला असेल तर गुरुत्वाकर्षणाला दोष देऊ नका, आधी पाय समतल आहेत का बघा. हे शेवटचं वाक्य इंजिनिअरचं. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. मार्केटिंगवाले नवं वर्ष लागलं की जुन्या लेखांच्या तारखा बदलून टाकतात, आत अक्षर न बदलता, लेख ताजा दिसावा म्हणून. मजकुरात खरा बदल न करता नुसत्या तारखा बदलताय का, हा प्रश्न गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात नावानिशी विचारला आहे, आणि तो कौतुकाने विचारलेला नाही. मी तो पडद्यावर उघडून दाखवला. मालकांनी मान डोलावली, मार्केटिंगच्या मुलाने वहीत लिहून घेतलं.

जानेवारीत मी सहज वेबसाइट उघडून पाहिली. सगळे लेख एक जानेवारीचे होते. इंजिनिअरचं पानसुद्धा.