चार वेळा आठ

सार्वजनिक कॉम्प्युटरची नेटवर्क सेटिंग उघडली की गावातल्या हुशार पोरांची हजेरीच घेता येते. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत सेवा केंद्राचा कॉम्प्युटर आहे, तो एक ताई चालवते. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पीएम किसानचं ई-केवायसी, सगळं त्याच एका टेबलावर. नेट थांबलं की रांगेतला कोणीतरी उठतो, "सरक जराशी वं ताई, पाहतो मी" म्हणतो आणि सेटिंगमध्ये काहीतरी बदलून घरी जातो. काम झालं तरी बदल तसाच राहतो, नाही झालं तरी राहतो. पुढचा येतो तो त्याच्यावर आपली भर घालतो.

मागच्या पावसाळ्यात मी पाहिलं तेव्हा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कातला कॉम्प्युटरचा पत्ता, हातानं टाकलेला होता, डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणाऱ्या सेवेच्या) रकान्यात चार वेळा आठ (8.8.8.8) होते आणि प्रॉक्सीच्या जागी 10 नं सुरू होणारा एक अनोळखी आकडा होता. या प्रॉक्सीचा उलगडा व्हायला जरा वेळ लागला. आमच्याकडं येण्याआधी हा कॉम्प्युटर कुठल्याशा कचेरीत होता. तिथं इंटरनेटवर जायचं तर मधल्या एका मशीनमार्फत जावं लागे. ते मशीन कचेरीतच राहिलं, पण हा पठ्ठ्या कोणतीही साइट उघडायची म्हटली की आधी त्यालाच हाक मारी. एक बटण बंद केलं की विषय संपतो. पण तिथवर कोणी गेलंच नव्हतं, कारण तिथं टाइप करण्यासारखं काही नव्हतं.

माझं निरीक्षण असं, की हातानं चार आकडे मारल्याशिवाय दुरुस्ती झाली असं आपल्याकडं कोणाला वाटतच नाही. सेटिंगमधली पहिलीच ओळ असते, 'ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली'. तिच्यावर ठिपका ठेवायचा, ओके दाबायचं आणि गप बसायचं. नव्वद टक्के गावांना एवढं पुरावं (हे नव्वद माझ्या मनचे). पण आपोआप होणाऱ्या कामावर आपला भरवसा नाही. इतक्या लोकांसमोर उठून आलेल्या पोरानं नुसता ठिपका ठेवून परत जायचं, हे त्याला तरी कसं शोभेल?

आयपी म्हणजे नेटवर्कातली सीट. ऑटोमॅटिक ठेवलं तर राउटर हा एसटीचा कंडक्टर. रिकामी सीट पाहून तो तुम्हाला बसवतो, तीही ठरावीक वेळेपुरती. हातानं आकडा टाकणं म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. धरता येते, नाही असं नाही. पण कंडक्टरला तो रुमाल दिसेलच याचा नेम नसतो. तो तीच सीट एखाद्या सदस्याच्या मोबाइलला देऊन मोकळा होतो आणि मग दोघांची जुंपते. ज्यांनी पंढरपूरच्या गाडीत अशी भांडणं पाहिली आहेत, त्यांना 'आयपी कॉन्फ्लिक्ट' वेगळा समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे हे आकडे कोणाच्या मालकीचे नसतातच. जुन्या पद्धतीचे आयपी अ‍ॅड्रेस सगळे मिळून 429 कोटींच्या घरात. ते पुरायचे नाहीत हे जाणत्यांनी वेळीच ओळखलं आणि 1996 साली काही आकडे घरगुती वापरासाठी बाजूला काढून ठेवण्याचा नियम पक्का झाला. 192.168 वाले त्यातलेच. आमच्या ग्रामपंचायतीत जो आकडा आहे तोच अकोल्यातल्या एखाद्या दवाखान्यात आणि टोकियोतल्या एखाद्या घरातही असू शकतो. तरी इथं त्यावरून "माह्या आकडा कोणं बदलवला?" अशी चौकशी होते.

आणि कोणीच आकडा दिला नाही तर विंडोज स्वतःच 169.254 नं सुरू होणारा एक घेऊन बसतं. हा दिसला की डीएनएस-बिएनएसच्या नादी लागू नये, सरळ उठून केबल पाहावी. आमची केबल टेबलामागून, बियाण्याच्या रिकाम्या थैल्यांखालून जाते. तिच्या पिनेवरची प्लास्टिकची पट्टी कधीच तुटली आहे. पीन भोकात घट्ट बसावी म्हणून तिथं आगपेटीची काडी खोचलेली आहे, गुलाचं टोक बाहेर. अंगठा द्यायला आलेल्या माणसानं खुर्ची मागं सरकवली की काडी पडते आणि गावाचं नेट जातं. ताई खाली वाकते, काडी शोधते, पुन्हा खोचते. हे काम ती माझ्यापेक्षा चांगलं करते.

आता ते चार आठ. गूगलनं ही डीएनएसची सेवा डिसेंबर 2009 मध्ये सगळ्यांना खुली केली. साइटचं नाव दिलं की तिचा आकडा सांगायचा, एवढंच तिचं काम. त्यानं तुटलेलं फायबर जुळत नाही की घासलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. पण लक्षात ठेवायला इतकं सोपं, की स्मार्टफोन नसलेला म्हातारासुद्धा मागून सांगतो, "चार वेळा आठ टाक नं बे, धावते मंग." आणि कधीकधी खरंच धावते, हीच पंचाईत. एकदा गुण आला की वर्षभर प्रत्येक दुखण्यावर हेच औषध.

दोष डीएनएसचा आहे की नाही ते पाहायला मी काळी विंडो उघडून पिंग करतो, म्हणजे पलीकडच्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का पाहतो. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर संशय डीएनएसवर. दोन ओळींत निदान. रांगेला ही काळी विंडो भारी आवडते. पांढऱ्या ओळी एकामागून एक उमटू लागल्या की बाहेर तंबाखू मळत बसलेली माणसंही दारात येतात. "आता लागलं कामाले!" कोणीतरी म्हणतं.

सगळ्यांत छळलं ते मात्र घड्याळानं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. तो संपला आणि लाइन गेली, की कॉम्प्युटर तारीख विसरतो. परत सुरू होतो तो दहा-पंधरा वर्षं मागं. नेटचं चिन्ह ठणठणीत, आयपी बरोबर, पिंगला उत्तर, आणि साइट उघडली की 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. पोरांनी तोवर सगळी सेटिंग उलटीपालटी केलेली. कोपऱ्यातल्या तारखेकडं कोणाचंच लक्ष नाही.

"तारखेचा अन् नेटचा काय संबंध जी सर?" रांगेतल्या एका काकांनी विचारलं. मी सांगितलं, प्रत्येक साइट आपलं सर्टिफिकेट दाखवते, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. आपलं घड्याळ 2010 मध्ये, सर्टिफिकेट आत्ताचं, म्हणून तो मानत नाही.

"म्हणजे नेट चालूच हाय," काका म्हणाले, "यालेच साल मालूम नाई."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. इथं मात्र तारीख हातानंच टाकावी लागली, त्यामुळं रांगेचंही समाधान झालं. नवा सेल दारव्ह्याला घड्याळवाल्याकडं मिळतो.

मग मी ताईला सुचवलं, की लोकांसाठी साधं खातं ठेव आणि सेटिंगला पासवर्ड लाव. सार्वजनिक मशीनला ते हवंच, याबद्दल माझं मत पक्कं आहे. तिला ते पटलं, पण पूर्ण नाही.

"सर, तुमी नागपूरले पोराकडं गेले अन् इकडं एकतीस जुलैले नेट गेलं, तं कोणाले विचारू मी? विम्याची रांग त शाळेपर्यंत जाते."

पीक विम्याची ती रांग पाहिलेल्या माणसानं यावर वाद घालू नये. शेवटी पासवर्ड लावला आणि तो ताईजवळ आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाजवळ ठेवला, कारण खोलीची किल्लीही त्याच्याचकडं असते. आता ताई नसली आणि नेट गेलं, की पोरं सेटिंगला हात न लावता आधी शिपायाला शोधतात. तो बहुतेक वेळा टाकीवर पाणी सोडायला गेलेला असतो, आणि तो येईस्तोवर अर्ध्या वेळा नेट आपोआप आलेलं असतं.