विहानचा डब्ल्यू

मुलाचं नाव विहान ठेवलं, हे सांगितल्यावर घरी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आमच्या नात्यातच आणखी दोन विहान आहेत. गडबड झाली ती जन्मदाखल्याचा फोटो ग्रुपवर टाकल्यावर. पाचव्या मिनिटाला मावशीचा फोन. "अगं, त्या जर्मन लोकांनी स्पेलिंग चुकवलंय बघ. व्हीच्या जागी डब्ल्यू घातलाय. लगेच जाऊन बदलून घे."

त्यांनी नव्हता घातला. आम्हीच घातला होता.

जर्मनमध्ये व्ही या अक्षराला 'फाउ' म्हणतात आणि डब्ल्यूला 'वे'. नावातच सगळं आलं. आपण ज्या गाडीला फोक्सवॅगन म्हणतो, तिच्या स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर व्ही आहे आणि 'वॅ'च्या जागी डब्ल्यू. दोन्ही नियम एका शब्दात. बरं, बाहेरून आलेल्या शब्दांत व्हीचा उच्चार कधीकधी 'व' होतो, त्यामुळे अनोळखी नाव दिसलं की वाचणारा अडखळतो आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझं नाव जयश्री. इथे जेचा 'य' होतो आणि शेवटच्या दोन ईंचा लांब 'ए'. ऑफिसातल्या पहिल्या दिवशी मी 'यायाश्रे' झाले. सुरुवातीला दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं. आता कुणी बरोबर हाक मारली की मीच दचकते.

त्यामुळे नावांची यादी करताना आम्ही प्रत्येक नाव जर्मन तोंडातून वाचून पाहत होतो. वेदा लगेच बाद, कारण इथे आपला 'द' नाही, सरळ 'वेडा' ऐकू येतं. जुई मला फार आवडायचं, पण ते 'यूई' होणार. 'ज' हवाच असेल तर जर्मनमध्ये डी, एस, सी, एच अशी चार अक्षरं लिहावी लागतात. आपला 'जंगल' शब्द इंग्रजीतून त्यांच्याकडे गेला, त्याचंही स्पेलिंग असंच सुरू होतं. एका सहकाऱ्याने जुईसाठी हाच उपाय अगदी गंभीरपणे सुचवला होता. मुलगी झाली असती तर काय केलं असतं, देव जाणे.

विहान नक्की झालं, पण स्पेलिंग ठरेना. इथे जन्माची नोंद आठवड्याच्या आत द्यावी लागते. नाव ठरलं नसेल तर त्यासाठी महिनाभर मुदत मिळते. आम्हाला मात्र दवाखान्यातच कागद संपवायचे होते. शेवटी नवऱ्याने एका पेपर नॅपकिनवर दोन्ही स्पेलिंगं लिहिली आणि रात्रपाळीच्या नर्सपुढे धरली. पहिल्यावर ती थांबली, भुवया उंचावून म्हणाली, "फिहान?" दुसरं न थांबता वाचलं, "विहान." आणि बाळाचा ताप बघायला वळली. आमच्यासाठी निकाल लागला होता.

'तिकडे म्हणे सरकार नाव नाकारतं' अशी भीतीही घरच्यांनी घातली होती. ती अगदीच हवेतली नाही. इथल्या एका जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवलं, तर नोंदणी कार्यालयाने अडवलं, कारण त्यावरून मुलगा की मुलगी कळत नाही. प्रकरण पार संघीय घटना न्यायालयात गेलं आणि 5 डिसेंबर 2008 च्या निर्णयात न्यायालयाने आईवडिलांची बाजू घेतली. आमच्या वेळी मात्र कारकूनबाईंनी फक्त अक्षरं मोजून पाहिली आणि शिक्का मारला.

मावशीला काही हे पटलं नाही. "अंकशास्त्रवाल्याने सांगितलं का?" हा तिचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, मावशी, अश्विनी, स्वाती, विश्वास या सगळ्यांत डब्ल्यू चालतो ना? वाघ, वाडेकर तर डब्ल्यूनेच सुरू होतात. वानखेडे स्टेडियमचं स्पेलिंग कुणी चूक म्हणतं का? आपला 'व' धड व्ही नाही, धड डब्ल्यू नाही, दोन्हींच्या मधला कुठेतरी. "ती आडनावं झाली," मावशी म्हणाली. यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

त्रास झाला नाही असं नाही. गेल्या वर्षी भारतात आलो, तेव्हा तिथल्या आतल्या प्रवासाची विमानाची तिकिटं काकांनी हौसेने काढली. अर्थात व्हीने. पासपोर्टवर जन्मदाखल्याप्रमाणे डब्ल्यू. एका अक्षरासाठी दोन दिवस फोनवर गेले, आणि ते निस्तरताना काका एकदाही रागावले नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटलं. आता दर वेळी तिकीट निघायच्या आधी मी पासपोर्टचा फोटो पाठवते, सोबत मोठ्या अक्षरात 'डब्ल्यू!!'

बालवाडीत मात्र पहिल्या दिवसापासून तो विहानच आहे. हल्ली नाव लिहायला शिकतोय. परवा चित्राखाली लाल खडूने लिहून आणलं, पण पहिलं अक्षर उलटं पडलं आणि डब्ल्यूचा झाला एम. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मावशीचं उत्तर आलं, "मिहान? आता हे काय नवीन?"