तुम्ही विचारलंत म्हणून: "प्रार्थना करते हं" म्हणता, पण खरंच करता का?

हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, चर्चमधली उपासना सुटल्यावर चपला शोधताना विचारून झालंय, आणि परवा भाचीने फोनवर सरळच विचारलं, "मावशी, तू सगळ्यांना प्रार्थना करते म्हणतेस, खरंच करतेस का गं?"

खरं सांगायचं तर पूर्वी नव्हते करत. म्हणायचे मनापासून, पण घरी येऊन कुकर लावला की गेलं डोक्यातून. मग एकदा काय झालं, आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई, त्यांच्या मुलाचं ऑपरेशन होतं, मी दारातच "करते हं" म्हणून मोकळी झाले. महिन्याभराने त्या घरी आल्या, पिशवीत घरच्या झाडाची सीताफळं, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, तुझ्या प्रार्थनेनं वाचला माझा पोरगा. मी एक दिवससुद्धा केली नव्हती! सांगायला तोंड उघडलं पण नाही सांगितलं, सीताफळं घेतली, चहा टाकला. मला काही ती खाववली नाहीत, पोरांनी संपवली. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली.

एका ओळीत एक नाव, पुढे विषय दोन-तीन शब्दांत. पहाटे साडेपाचला बसते ते दूधवाला येईपर्यंत. आणि आता कोणी सांगितलं की शक्यतो तिथंच उभ्या उभ्या दोन वाक्यं करून टाकते, एसटी स्टँडवर पण केलीय, लोक बघतात, बघू देत.

मग पुढचा प्रश्न ठरलेला, देवाला सगळं ठाऊक असतं ना, मग तुम्ही मध्ये कशाला? मला याचं उत्तर माळवदावर सापडलं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 2 ऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात ही गर्दी, म्हणून छप्पर उसकटून बाज खाली सोडतात. संडे स्कूलच्या पोरांना वाटतं स्लॅब फोडला. माझ्या आजोबांचं नेवाशाकडचं घर माळवदाचं होतं, तुळया, वर काटक्या-कुटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर, उंदराने बीळ केलं तरी खाली भाकरीत माती पडायची आणि आजी उंदराला सोडून आजोबांवर ओरडायची. म्हणजे त्या दिवशी खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती ढेकळं पडली असतील बघा. आणि मार्क लिहितो की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. त्यांचा, अनेकवचन. बाजेवरचा माणूस त्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. येशूला त्याचं दुखणं कळलं नसतं असं थोडंच आहे, पण बाज उचलायला चार माणसं लागलीच ना. मी बाजेचा एक खूर धरते, बास.

केडगावला (नगरचं नव्हे, दौंडजवळचं) मुक्ती मिशन या निराधार बायकांच्या आश्रमात पंडिता रमाबाईंनी 1905 च्या जानेवारीत रोज प्रार्थनेला कोण बसतंय विचारलं, तर 70 जणी पुढे आल्या, जूनपर्यंत 550 झाल्या, तेही दिवसातून दोनदा. दुष्काळातून आलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या, विधवा. ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी प्रार्थना करायची त्याच बसल्या होत्या दुसऱ्यांसाठी. मला हे आठवलं की साडेपाचचा गजर बंद करायची लाज वाटते.

राग मात्र एका गोष्टीचा येतो. कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे कोणाच्या तरी घरी जमून करतो त्या प्रार्थनेत, डोळे मिटायच्या आधी कोणीतरी हळूच म्हणतं, "तिच्यासाठी खास करा हं, नवरा परत प्यायला लागलाय," आणि मग दहा मिनिटं नवरा आणि दोन मिनिटं प्रार्थना. त्यापेक्षा नुसतं नाव सांगा ना, देवाला पत्ता माहितीये.

आणि हो, सगळं ऐकलं जात नाही. ऐकलं गेलं की मी लाल पेनाने पुढे तारीख टाकते. एका पोराचं नाव सात महिने रोज घेतलं, कॅन्सर होता, त्याच्यापुढे तारीख टाकली ती निळ्या पेनाने, तो गेला त्या दिवसाची. नंतर पंधरा दिवस वहीच उघडली नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात पौल म्हणतो की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा देवाचा आत्माच कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो, ते मला आधी नुसतं छान वाक्य वाटायचं, त्या पंधरा दिवसांत तेवढंच एक शिल्लक होतं. आता त्या ओळीच्या खाली त्याच्या आईचं नाव आहे. मंगळवारी तिला डबा नेऊन देते, फार बोलत नाही आम्ही.

सीताफळवाल्या बाईंना अजून खरं सांगितलेलं नाही. भेटल्या की अजूनही हात धरतात. वहीत पहिल्या पानावर पहिलं नाव त्यांच्या मुलाचं आहे, ऑपरेशन होऊन महिना उलटल्यावर लिहिलेलं.