समितीत क्रम का नाही?

माझा भाचा यंदा दहावीला आहे. राज्य मंडळाच्या गणित भाग १ मधले संभाव्यतेचे प्रकरण त्याला सर्वांत सोपे वाटत होते, कारण त्यात सूत्र म्हणावे असे एकच: घटनेतील घटकांची संख्या भागिले नमुना अवकाशातील, म्हणजे शक्य त्या सर्व निष्पत्तींच्या (परिणामांच्या) संचातील, घटकांची संख्या. भागाकार त्याचा कधी चुकला नाही. छेदात कोणती संख्या लिहायची, हे मात्र वारंवार चुकत होते.

दोन नाणी एकाच वेळी फेकली असता किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता काढायची होती. त्याने दोन छापे, दोन काटे आणि एक छापा-एक काटा अशा तीन निष्पत्ती लिहिल्या आणि उत्तर दिले २/३. मी एक रुपयाचे आणि पाच रुपयांचे नाणे त्याच्यासमोर ठेवले आणि तिसरी निष्पत्ती किती प्रकारे घडू शकते, ते लिहायला सांगितले. रुपयावर छापा व पाचावर काटा, किंवा याच्या उलट, असे दोन प्रकार निघाले. म्हणजे निष्पत्ती चार आणि उत्तर ३/४. त्यावर त्याने विचारले, “पण मावशी, दोन्ही नाणी रुपयाचीच असली तर?” प्रश्न रास्त होता. नाणी एकसारखी असली, तर आपल्याला ती वेगळी ओळखता येत नाहीत एवढेच. ती पडतात मात्र स्वतंत्रपणेच, आणि छापा-काटा ही जोडी दोन छाप्यांच्या दुप्पट वेळा येतच राहते.

ही चूक करणारा तो पहिला नव्हे, हे सांगितल्यावर त्याला बरे वाटले. फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ मध्ये विश्वकोशातील आपल्या लेखात याच प्रश्नाचे उत्तर २/३ असे दिले होते. त्याची वाट थोडी निराळी होती: पहिल्याच फेकीत छापा पडला की दुसऱ्या फेकीची गरज उरत नाही, म्हणून शक्यता तीनच, असे तो म्हणाला. त्या तिन्ही शक्यता समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच संधी असलेल्या, नाहीत, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. पाठ्यपुस्तकात ‘समसंभाव्य निष्पत्ती’ अशी व्याख्या सुरुवातीलाच दिलेली असते आणि मुले ती पाठ करून पुढे जातात. माझ्या मते सगळे प्रकरण त्या एका शब्दावर उभे आहे.

पत्त्यांच्या गणितांत वेगळीच अडचण निघाली. घरात कॅटच नसल्यामुळे किलवर काळे की लाल, हेच त्याला ठाऊक नव्हते आणि एक्का तो चित्रांच्या पत्त्यांत धरत होता. गणितापेक्षा हा दोष आमच्या मोबाइलचा. एक संध्याकाळ झब्बू खेळलो आणि प्रश्न मिटला.

अंकांच्या गणितात शून्याने फसवले. ०, २, ३, ५ हे अंक पुन्हा न वापरता दोन अंकी संख्या तयार करायची असेल, तर दशकस्थानी शून्य चालत नाही, म्हणून संख्या नऊच होतात आणि त्यांतील मूळ संख्या २३ व ५३ या दोनच, म्हणजे २/९. त्याने ०२, ०३, ०५ हेही धरले होते. ते तिन्ही मूळ ठरल्यामुळे त्याचे उत्तर ५/१२ आले, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

खरा पेच समितीच्या गणितात पडला. तीन मुलगे आणि दोन मुली यांच्यातून दोघांची समिती निवडायची आहे, तर तिच्यात किमान एक मुलगी असण्याची संभाव्यता किती? इथे जोड्या दहा आणि त्यांतील केवळ मुलग्यांच्या तीन, म्हणून उत्तर ७/१०. तो अडून बसला: दोन फाशांत (२, ५) आणि (५, २) वेगळे धरून छत्तीस निष्पत्ती लिहायच्या, मग समितीत क्रम का नाही?

मी त्याला दोन्ही गणिते दोन्ही रीतींनी करायला लावली. समितीत क्रम धरला, तर एकूण जोड्या वीस आणि हव्या त्या चौदा होतात. प्रत्येक जोडी बरोबर दोनदाच मोजली जात असल्यामुळे गुणोत्तर बदलत नाही. फाशांत क्रम सोडला, तर छत्तीसऐवजी एकवीस जोड्या उरतात, पण त्या सारख्या वजनाच्या नसतात: (२, ५) दोन प्रकारे येते, (३, ३) मात्र एकाच प्रकारे. एकच माणूस समितीत दोनदा बसू शकत नाही. दोन्ही फाशांवर तीन मात्र पडू शकतो. फरक एवढ्यावरच आहे.

त्याने १४/२० ला दोनने भागले, ७/१० आल्याचे पाहिले आणि वहीत दहा जोड्यांचीच रीत ठेवली, कारण तिच्यात लिहायला कमी लागते.